थकीत कर्जाचं तारण कायद्याने ताब्यात घेताना: फ्लॅट, ट्रक आणि शेतजमीन

प्रश्न थोडक्यात असा आहे. नागरी सहकारी बँकेच्या वसुली विभागात नुकतेच बदलून आलेले एक अधिकारी विचारतात: "माझ्याकडे तीन थकीत खाती दिली आहेत. एका गृहकर्जाला फ्लॅट तारण आहे, दुसरं ट्रकचं कर्ज आहे, तिसऱ्या धंद्याच्या कर्जाला गाळ्याबरोबर शेतजमीनही गहाण आहे. वरून सांगतात, महिनाभरात ताबा घ्या. पोलीस ठाण्यात गेलो तर 'ही दिवाणी बाब आहे' म्हणून परत पाठवतात. कायद्याने ताबा घ्यायचा म्हणजे नेमकं काय करायचं, आणि किती वेळ लागतो?"

मी बँकांच्या वतीने ही कामं बरीच वर्षं करते आहे, मधूनमधून कर्जदारांच्या वतीनेही डीआरटीत, म्हणजे कर्जवसुली न्यायाधिकरणात, उभी राहिले आहे. दोन्हीकडून पाहून एक गोष्ट माझ्या मनात पक्की झाली आहे. ताब्याची कारवाई टिकणार की पडणार, हे मागणी नोटीस निघते त्याच दिवशी बहुतेक ठरून गेलेलं असतं. त्यामुळे महिनाभरात ताबा मिळणार नाही हे साहेबांना आजच सांगून टाका. साठ दिवस तर नुसत्या नोटिशीचेच आहेत. सगळं सुरळीत झालं, डीआरटीतून स्थगिती आली नाही, तरी फ्लॅटच्या प्रत्यक्ष ताब्याला सहा-सात महिने धरून चाला.

आधी एक शंका मिटवते, कारण अजूनही कर्जदारांचे वकील ती काढतात. सहकारी बँकेला सरफेसी कायदा, म्हणजे कोर्टात दावा न लावता तारण ताब्यात घेऊन विकू देणारा कायदा, वापरता येतो का? येतो. २००३ च्या अधिसूचनेनंतर या प्रश्नावर वर्षानुवर्षं वाद चालला आणि तो संपला आपल्या कोल्हापूर जिल्ह्यातल्या मुरगूडच्या विश्वासराव पाटील सहकारी बँकेच्या प्रकरणात. ५ मे २०२० ला सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने निकाल दिला की सहकारी बँका या कायद्यातल्या 'बँक' या व्याख्येत बसतात. पतसंस्थांना मात्र हा मार्ग नाही. त्यांना सहकार कायद्याचं कलम १०१ (वसुली दाखला) आणि नियम १०७ (जप्ती-विक्री) धरूनच जावं लागतं. कर्ज देणारी एनबीएफसी (बँक नसलेली वित्त कंपनी) असेल तर तिची मालमत्ता किमान १०० कोटींची आणि कर्ज किमान २० लाखांचं असावं लागतं.

आता फ्लॅट. तिन्हींत मी सर्वांत जास्त वेळ यावर घालवणार आहे, कारण चुका इथेच होतात.

पहिली तारीख म्हणजे एनपीएची, खातं अनुत्पादक ठरल्याची. नोटिशीत जी तारीख लिहाल ती तुमच्या संगणकातल्या तारखेशी तंतोतंत जुळली पाहिजे. रिझर्व्ह बँकेने १२ नोव्हेंबर २०२१ च्या परिपत्रकात मोजणी उदाहरण देऊन सांगितली आहे: ३१ मार्चला देय असलेला हप्ता त्या दिवसाच्या अखेरीपर्यंत आला नाही, तर खातं ३० एप्रिलला एसएमए-१, ३० मे ला एसएमए-२ (हे एनपीएच्या आधीचे इशाऱ्याचे टप्पे) आणि २९ जूनला एनपीए. शाखेत आजही 'तीन महिने झाले की एनपीए' असं ढोबळ बोलतात आणि नोटिशीत महिनाअखेरची तारीख ठोकून देतात. डीआरटीत कर्जदाराचा वकील पहिला कागद मागतो तो खातेउताऱ्याचा. नव्वद दिवस भरायच्या आधीच एनपीए केलेलं निघालं, तर पुढची सगळी इमारत त्या एका आकड्यावरून खाली येते. त्याच परिपत्रकातली आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा: एकदा एनपीए झालेलं खातं पुन्हा नियमित करायचं तर सगळी थकबाकी भरून यावी लागते, एखाददुसरा हप्ता आला म्हणून ते नियमित होत नाही. याचा अर्थ कर्जदार मध्ये थोडे पैसे भरून गेला म्हणून तुमची नोटीस आपोआप रद्द होत नाही.

कलम १३(२) ची मागणी नोटीस. या नोटिशीत किती येणं आहे याचा तपशील आणि कोणतं तारण विकायला काढायचा विचार आहे याचं वर्णन, या दोन्ही गोष्टी असल्याच पाहिजेत. मी मसुदा तपासताना आधी वर्णन वाचते. गहाणखतात सर्व्हे नंबर असतो, मधल्या काळात सिटी सर्व्हे झालेला असतो, सोसायटी झाल्यावर फ्लॅटचे क्रमांक बदललेले असतात. करारात 'फ्लॅट नं. ७, दुसरा मजला' असतो आणि दारावरच्या पाटीवर २०३. नोटीस ७ नंबरवर काढली आणि ताबा २०३ चा घेतला, तर शेजाऱ्याच्या घराला कुलूप लावल्याचा आरोप झेलायची तयारी ठेवा. जुना क्रमांक, नवा क्रमांक, चतुःसीमा, क्षेत्रफळ सगळं लिहा आणि सोसायटीकडून तसं पत्र घेऊन फाइलला लावा.

नोटीस कोणाकोणाला? कर्जदार, सहकर्जदार, जामीनदार आणि तारणाचा मालक वेगळा असेल तर तोही. कर्जदार वारला असेल तर त्याच्या नावाने काढलेली नोटीस कागदाच्या कपट्याइतकीच. वारसांची नावं शोधून प्रत्येकाला द्या. सही कोणाची? प्राधिकृत अधिकारी हा नियमानुसार सरकारी बँकेच्या चीफ मॅनेजरच्या किंवा त्या तोडीच्या दर्जाचा लागतो आणि त्याला संचालक मंडळाने नेमलेलं असावं लागतं. तुमची बदली वसुलीत झाली म्हणून तुम्ही प्राधिकृत अधिकारी झालात असं नाही. मंडळाच्या ठरावाची प्रत मागून घ्या. ती नसेल तर सही करू नका.

बजावणीचं एकच सांगते: पाकीट परत आलं तर फेकू नका. 'घेण्यास नकार', 'घर बंद', 'पत्त्यावर राहत नाही' या तीन शेऱ्यांचा अर्थ वेगवेगळा असतो. नकाराचा शेरा असेल तर बजावणी झाली असं म्हणायला जागा आहे. घर बंद असेल, माणूस टाळत असेल, तर घराच्या बाहेरच्या दारावर नोटीस चिकटवायची आणि दोन वर्तमानपत्रांत छापायची, त्यातलं एक त्या भागातल्या भाषेचं. चिकटवताना दाराचा, घराच्या पाटीचा आणि नोटिशीचा एकाच चौकटीत फोटो घ्या. साठ दिवस मी नेहमी नोटीस मिळाल्याच्या तारखेपासून मोजते. पाच-सात दिवस जास्त जातात, पण वादाला तोंड फुटत नाही.

या साठ दिवसांत कर्जदाराचं उत्तर आलं तर त्याला पंधरा दिवसांच्या आत, कारणं देऊन, उत्तर द्यायचंच आहे. ही तरतूद उगाच आलेली नाही. कायदा २००२ मध्ये आला तेव्हा बँकांच्या हातात फारच एकतर्फी ताकद होती. एप्रिल २००४ मध्ये मार्डिया केमिकल्सच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने कायदा वैध ठरवला, पण दाद मागायला आधी ७५ टक्के रक्कम भरण्याची अट उडवली आणि कर्जदाराच्या म्हणण्याला सकारण उत्तर द्या असं सांगितलं. त्यातून कलम १३(३अ) आलं. 'आपले म्हणणे मान्य करता येत नाही' या एका ओळीला उत्तर म्हणत नाहीत. त्याने व्याजाची आकारणी चुकली म्हटलं असेल तर आकारणीचा तक्ता जोडा. नोकरी गेली आहे, मुदत द्या असं लिहिलं असेल तर मुदत का देता येत नाही किंवा किती देता येईल ते लिहा. चूक खरोखर बँकेची असेल तर याच टप्प्यावर दुरुस्त करा. आणि मी हे बँकेच्या वकिलाच्या भूमिकेतूनच सांगते आहे: बऱ्याच खात्यांचा तोडगा याच पत्रव्यवहारात निघतो. कर्जदाराला पहिल्यांदा वाटतं की समोर कोणीतरी आपलं पत्र वाचलं.

साठ दिवस संपले, पैसे आले नाहीत, तर कलम १३(४) खाली ताबा. पहिल्या फेरीत बहुतेक वेळा सांकेतिक ताबाच, म्हणजे घर रिकामं न करता नोटीस लावून कागदोपत्री ताबा, घेतला जातो. ताबा नोटीस कर्जदाराला देऊन दारावर लावायची आणि सात दिवसांत दोन वर्तमानपत्रांत छापायची. या दिवसापासून कर्जदाराचे डीआरटीत जाण्याचे पंचेचाळीस दिवस सुरू होतात. महाराष्ट्रात मुंबई, पुणे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला डीआरटी आहेत. तुमच्या जिल्ह्याचं डीआरटी कोणतं ते पाहून तिथे कॅव्हेट टाकून ठेवा. कायद्यात २०१३ पासून तशी सोय आहे, म्हणजे तुमचं न ऐकता स्थगिती मिळणं कठीण होतं.

आता तुमच्या पोलिसांच्या प्रश्नाकडे येते. ते तुम्हाला परत पाठवतात यात त्यांची चूक नाही. आदेशाशिवाय त्यांनी यावं असं कायदा म्हणतच नाही. प्रत्यक्ष ताब्यासाठी कलम १४ खाली जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करायचा, मुंबईत मुख्य महानगर दंडाधिकाऱ्यांकडे जाण्याचा प्रघात होता. अर्जासोबत प्राधिकृत अधिकाऱ्याचं नऊ मुद्द्यांचं प्रतिज्ञापत्र लागतं: कर्ज किती, तारण कोणतं, थकबाकी किती, एनपीए कधी, नोटीस दिली का, उत्तर आलं होतं का, आलं असेल तर त्याचं काय केलं, असे. दुसऱ्या फाइलवरून उतरवलेल्या प्रतिज्ञापत्रात आधीच्या कर्जदाराचं नाव तसंच राहिलेलं मी एकाहून जास्त वेळा पाहिलं आहे. अर्ज तिथेच अडकतो.

दंडाधिकाऱ्यांनी इथे वाद ऐकत बसायचं नसतं. महाराष्ट्रातूनच गेलेल्या बाळकृष्ण रामा तर्ळे यांच्या प्रकरणात २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की कलम १४ चं काम निव्वळ कार्यकारी स्वरूपाचं आहे, हक्काचे वाद डीआरटीत. त्याच वर्षी आर. डी. जैन प्रकरणात अपर जिल्हादंडाधिकारीही असा आदेश देऊ शकतात हे स्पष्ट झालं. मुंबईच्या एनकेजीएसबी सहकारी बँकेच्या प्रकरणात वकिलाला कोर्ट कमिशनर नेमून ताबा घेता येतो हेही ठरलं. कायद्यात आदेशासाठी तीस दिवस आणि कारणं नोंदवून साठपर्यंत अशी मुदत आहे. पण २०२० च्या सी. ब्राइट निकालानंतर ही मुदत उलटली म्हणून दंडाधिकाऱ्यांचा अधिकार संपत नाही, त्यामुळे उशीर झाला तर पाठपुरावा तुम्हालाच करावा लागतो. जिल्हा कार्यालयातून आदेश तहसीलदारांकडे, तिथून मंडळ अधिकाऱ्यांकडे जातो, मग पोलीस बंदोबस्ताचं पत्र आणि त्याची फी. आता पोलीस येतील, कारण आता ही दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाची अंमलबजावणी आहे.

फ्लॅटमध्ये भाडेकरू निघाला तर थांबा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याखालच्या संरक्षित भाडेकरूला सरफेसीच्या जोरावर बाहेर काढता येत नाही, हे मुंबईच्या विशाल कलसारिया प्रकरणात २०१६ ला ठरलं. पण दुसरी बाजूही आहे. मागणी नोटीस मिळाल्यावर कर्जदाराला बँकेच्या लेखी संमतीशिवाय तारण विकता किंवा भाड्याने देता येत नाही. नोटिशीनंतर घाईघाईने उभा केलेला पाहुण्यातला 'भाडेकरू' या संरक्षणात बसत नाही. नोंदणीकृत करार आहे का, भाड्याच्या पावत्या, वीजबिल, सोसायटीची नोंद काय म्हणते, हे सांकेतिक ताब्याच्या वेळीच तपासा आणि दंडाधिकाऱ्यांना खरं ते सांगा. भाडेकरू लपवून मिळवलेला आदेश पुढे बँकेच्याच अंगाशी येतो.

ताब्याचा दिवस. यावर कोणत्याही परिपत्रकात फारसं लिहिलेलं नाही म्हणून सविस्तर लिहिते. तारीख ठरवताना कॅलेंडर पाहा. गणपती बसलेल्या घरात, दिवाळीत किंवा त्या घरातल्या मुलाचा दहावी-बारावीचा पेपर चालू असताना जाऊ नका. आठवडाभर थांबल्याने बँक बुडत नाही. तारीख कर्जदाराला आधी लेखी कळवा, म्हणजे सामान हलवायला त्याला वेळ मिळतो आणि बहुतेक लोक खरंच हलवतात. महिला पोलीस बंदोबस्तात हव्यातच.

दार उघडल्यावर आत जे आहे ते तुमचं तारण नाही. गहाण फ्लॅट आहे. कपाट, टीव्ही, भांडी गहाण नाहीत. मी बँकेच्या माणसांना सांगते की देव्हारा, औषधं, मुलांची दप्तरं आणि कागदपत्रांची पिशवी या गोष्टी सगळ्यात आधी घरच्यांना स्वतःच्या हाताने घेऊ द्या. आधारकार्ड, शाळेचे दाखले, दवाखान्याची फाइल आत राहिली तर दुसऱ्याच दिवशी तुम्हाला सील तोडायला यावं लागतं. आजारी, अंथरुणाला खिळलेली व्यक्ती असेल तर मंडळ अधिकाऱ्यांना सांगून दिवस पुढे घ्या आणि तसं पंचनाम्यात नोंदवा. राहिलेल्या सामानाची खोलीवार यादी करायची, दोन पंचांच्या सह्या घ्यायच्या, गॅस बंद, नळ बंद, वीजमीटरच्या आकड्याचा फोटो, मग कुलूप आणि सील. सगळं चित्रित करा. सामान नेण्यासाठी किती दिवस आहेत आणि कोणाला फोन करायचा हे कागदावर लिहून कर्जदाराच्या हातात द्या. त्यानंतर ताबा तुमचा, म्हणजे जबाबदारीही तुमची: नियमानुसार शहाणा मालक जशी स्वतःच्या मालमत्तेची काळजी घेईल तशी घ्यायची, गरज असेल तिथे विमाही उतरवायचा. सहा महिने बंद राहिलेल्या फ्लॅटमध्ये पाणी गळून खालच्या घराचं छत खराब झालं, तर सोसायटी तुमच्याकडेच येणार.

लिलावाचे आकडे पाठ करून ठेवा. मान्यताप्राप्त मूल्यांककाकडून मूल्यांकन, त्यावर राखीव किंमत, कर्जदाराला तीस दिवसांची विक्री नोटीस. पहिला लिलाव फसला तर पुढच्या वेळी पंधरा दिवसांची. बोली मिळालेल्याने पंचवीस टक्के, अनामत धरून, त्याच दिवशी किंवा फार तर दुसऱ्या कामाच्या दिवशी भरायचे, उरलेले विक्री कायम झाल्यापासून पंधरा दिवसांत. लेखी मुदतवाढ दिली तरी तीन महिन्यांच्या पुढे नाही. पंचवीस टक्के वेळेत न भरणाऱ्या खरेदीदारावर दया दाखवू नका. त्याने भरलेले पैसे आणि तुमची कारवाई दोन्ही धोक्यात येतात.

ट्रक.

नजरगहाण (गाडी मालकाकडेच ठेवून तारण दिलेल्या) वाहनाच्या करारात ताब्याचं कलम असतं, त्यामुळे लोकांना वाटतं की हप्ता चुकला की रस्त्यावर गाडी अडवून चावी काढायची. सर्वोच्च न्यायालयाने २००७ साली प्रकाश कौर प्रकरणात बँकांना गुंड पाठवण्यावरून खडसावलं, २०११ मध्ये सिटीकॉर्प मारुतीच्या प्रकरणात भाडे-खरेदी करार असला तरी वाहन कायद्याच्या मार्गानेच घ्या असं सांगितलं, आणि मे २०२३ मध्ये पाटणा उच्च न्यायालयाने वसुली एजंटांच्या जबरदस्तीला जीविताच्या आणि उपजीविकेच्या हक्काचा भंग म्हटलं. सप्टेंबर २०२२ मध्ये झारखंडमध्ये ट्रॅक्टर ओढून नेताना एका गर्भवती तरुणीचा जीव गेला, त्यानंतर रिझर्व्ह बँकेने संबंधित कंपनीला बाहेरच्या एजंटांमार्फत वसुली करायलाच काही महिने बंदी घातली. ट्रक मालकाच्या लेखी गाडी म्हणजे रोजची भाकरी असते. त्याच्या हातून चावी हिसकावली की पुढचं काही तुमच्या नियंत्रणात राहत नाही. मारहाण झाली तर जबरी चोरीची तक्रार होते, आणि तुमची पाच माणसं असतील तर तीच दरोड्याची होते. एजंट बाहेरचा असला तरी आरोपींच्या यादीत बँकेचा अधिकारी येतो.

सहकारी बँकेला वाहनासाठीही सरफेसीचा मार्ग मोकळा आहे. कर्ज एक लाखाच्या वर असावं आणि मुद्दल-व्याजाच्या वीस टक्क्यांपेक्षा कमी बाकी उरलेली नसावी. तोच साठ दिवसांचा नोटिशीचा क्रम, नंतर दोन साक्षीदारांसमोर पंचनामा, यादी, मूल्यांकन आणि विक्रीआधी तीस दिवसांची नोटीस. एनबीएफसी बहुधा करारातल्या कलमावर जातात. त्यांच्यासाठी रिझर्व्ह बँकेने बजावलं आहे की त्या कलमात नोटिशीची मुदत, ताबा घेण्याची पद्धत, विक्रीआधी पैसे भरण्याची शेवटची संधी आणि गाडी परत देण्याची व लिलावाची पद्धत हे सगळं असलं पाहिजे. मॅग्मा फिनकॉर्प प्रकरणात २०२० मध्ये न्यायालयाने वित्तपुरवठादाराचा ताबा योग्य ठरवला, तरी नोटीस न दिल्याबद्दल १५,००० रुपये भरपाई द्यायला लावलीच.

प्रत्यक्षात सर्वांत सुरळीत ताबा होतो तो मालकाने स्वतः गाडी आणून दिली तर. त्याला समजावून सांगा की गाडी उभी राहून गंजण्यापेक्षा आजच्या भावात विकली तर त्याच्यावरची बाकी कमी राहील, आणि स्वेच्छेने ताबा दिल्याचं पत्र घ्या. एजंट पाठवायचाच असेल तर आयआयबीएफ या बँकिंग प्रशिक्षण संस्थेचं प्रमाणपत्र, बँकेचं अधिकारपत्र आणि ओळखपत्र असलेलाच. फोन सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर करायचे नाहीत, हे २०२२ च्या परिपत्रकात स्पष्ट आहे. नातेवाइकांना, शेजाऱ्यांना कर्जाची बातमी सांगायची नाही. पोलीस ठाण्याला ताब्याआधी आणि ताब्यानंतर लेखी कळवायचं, दोन्ही पत्रांवर आवक शिक्का घ्यायचा. नाहीतर मालक गाडी चोरीची तक्रार देतो आणि तुमचा ट्रक पोलीस ठाण्याच्या आवारात जाऊन बसतो.

भरलेली गाडी घेऊ नका. लासलगावहून कांदा भरून निघालेला ट्रक अडवलात तर कांदा व्यापाऱ्याचा, सडला तर भरपाई तुमची. रिकामी होईपर्यंत थांबा. यादीत चेसिसचा ठसा, किलोमीटरचा आकडा, टायरचे नंबर, स्टेपनी, बॅटरी, जॅक, ताडपत्री, दोर आणि केबिनमधली ड्रायव्हरची पिशवी हे सगळं लिहा. यार्डात टायर बदलले जातात ही तक्रार जुनी आहे आणि बऱ्याचदा खरी असते. मालक आरसी बुक देत नसेल किंवा पसार असेल तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५१(५) खाली फॉर्म ३६ भरून आरटीओकडे नवीन नोंदणी प्रमाणपत्र मागता येतं. आरटीओ आधी मालकाला नोटीस देतं.

शेतजमिनीचं उत्तर छोटं आहे: सरफेसीतून ती वगळलेली आहे. कलम ३१(आय). पण सातबाऱ्यावर 'शेती' लिहिलं आहे एवढ्यावर सगळं संपत नाही. गोव्यातल्या ब्लू कोस्ट हॉटेलच्या प्रकरणात तारणातल्या काही जमिनीला कर्जदार शेतजमीन म्हणत होता. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाहिलं की ती जमीन पंचतारांकित हॉटेलच्या प्रकल्पासाठीच होती, तिथे शेती होत नव्हती, म्हणून ५१५ कोटींहून अधिक किमतीचा तो लिलाव टिकला. तुमच्या खात्यातल्या जमिनीत खरोखर ऊस उभा असेल तर हा निकाल तुमच्या कामाचा नाही. पीकपाहणीची नोंद आणि जागेवरचे फोटो पाहूनच ठरवा. शेती असेल तर सहकार कायद्याच्या कलम १०१ चा वसुली दाखला आणि नियम १०७ ची जप्ती-विक्री हाच रस्ता. त्यातही भोगवटादार वर्ग २ ची (सरकारी परवानगीशिवाय विकता न येणारी) किंवा आदिवासी खातेदाराची जमीन निघाली तर विक्रीवर वेगळी बंधनं आहेत, आणि खरेदीदार शेतकरी असावा लागतो किंवा परवानगी लागते. त्यामुळे बोली लावणारे थोडेच येतात.

गाळा मात्र सरफेसीत घ्या. फक्त आधी बघा की तारणाची नोंद सेरसाईवर, म्हणजे तारणांच्या केंद्रीय नोंदवहीत, आहे का. ती नसेल तर तो गाळा ताब्यात घेऊन विकायचा हक्कच अडकतो. नोंद असेल तर विक्रीकराच्या जुन्या येण्यापेक्षाही बँकेचा हक्क आधी येतो, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्ण पीठाने ऑगस्ट २०२२ मध्ये जळगाव जनता सहकारी बँकेच्या प्रकरणात सांगितलं आहे.

शेवटी, कर्जदार मध्येच पैसे घेऊन आला तर? लिलावाची नोटीस प्रसिद्ध होईपर्यंत सगळी बाकी आणि खर्च भरून तारण सोडवण्याचा त्याचा हक्क आहे, तो नाकारू नका. प्रसिद्धीनंतर तो हक्क संपतो. २०२३ च्या सेलिर विरुद्ध बाफना मोटर्स प्रकरणात मुंबईतल्या कर्जदार कंपनीने लिलावानंतर १२९ कोटी भरायची तयारी दाखवली होती, तरी १०५.०५ कोटींच्या बोलीवाल्यालाच मालमत्ता मिळाली. म्हणून लिलावाची जाहिरात देण्याच्या आधी मी कर्जदाराला एक साधं पत्र पाठवायला लावते: अमुक तारखेला जाहिरात छापून येणार आहे, त्याआधी पूर्ण रक्कम भरल्यास कारवाई थांबेल, रक्कम इतकी. कायदा हे पत्र मागत नाही. पण सामान्य माणसाला आपला हक्क कोणत्या दिवशी संपतो हे कोणीतरी सांगायला हवं, आणि ते त्याच्याकडून पैसे घेणाऱ्यानेच सांगणं योग्य.

विक्रीतून बाकी आणि खर्च वजा जाता पैसे उरले तर ते ज्याचा हक्क आहे त्याला परत करा, हिशोबासह. कमी पडले तर उरलेल्या रकमेसाठी वसुली दाखल्याचा मार्ग उघडा आहे. आणि गृहकर्जदाराने पूर्ण पैसे भरून खातं बंद केलं, तर मूळ कागदपत्रं तीस दिवसांच्या आत परत द्यायची आणि बँकेचा नोंदलेला बोजा उतरवायचा. त्याला बँकेच्या दोषाने उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई द्यावी लागते.